पहिला अख्खा बूट

मामांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि टोपीवालीनं पेडलवर पाय ठेवला. मशीनच्या चिमट्यांनी चामड्याची कड धरली, ताणली आणि कलबुताच्या टोकावरून खाली ओढली. कलबूत म्हणजे बुटाला आकार देणारं प्लॅस्टिकचं पाऊल. त्याच्यावर चामडं ताणून बसलं की त्याला पहिल्यांदा बुटाचं रूप येतं. दोन पितळी पात्या दोन्ही बाजूंनी पुढे आल्या, लोंबणारी कड तळाशी दुमडून दाबली आणि मागे सरकल्या. सगळं एका दमात झालं. तिला डोळा मिटायलाही सवड मिळाली नाही.

“काढ बाहेर,” मामा म्हणाले.

तिनं चामड्यासकट कलबूत मशीनमधून काढलं. बुटाचं टोक सुरकुत्यांनी भरून गेलं होतं. मामांनी ते उजेडाकडे धरलं, चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिलं आणि म्हणाले, जन्मतःच म्हातारा झालाय हा, याला सरळ पेन्शनीत काढू.

ती हसली, पण तोवर तिनं दुसरं चामडं उचललंही होतं.

जेवणाची सुट्टी चालू होती. सगळ्या खात्यांतली मशीनं बंद होती आणि एवढ्या मोठ्या शेडमध्ये चालू होतं ते हे एकच. मामा त्याच्यावर काळे केस असल्यापासून उभे होते. स्वतःचं मशीन ते दुसऱ्या पाळीच्या माणसाच्याही हवाली नाखुशीनं करत. पण परवा टोपीवाली डबा तसाच काखोटीला मारून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मामा, मला हे शिकायचंय. तेव्हा त्यांनी हातातला घास खाली ठेवून आधी मशीनवरचं फडकं काढलं होतं.

टोपीवाली हे नाव तिला कामानं दिलं होतं. बुटाच्या पुढच्या टोकावर चामड्याचा जो वेगळा तुकडा असतो, त्याला कारखान्यात टोपी म्हणत. शिलाई खात्यात लागल्यापासून ती तेवढीच शिवत आली होती. डावीकडून तुकडे यायचे, ती टोपी बसवून दोन ओळी टाके घालायची, उजवीकडे सरकवायची. पुढे त्यांचं काय होतं ते भिंतीपलीकडच्या लोकांना ठाऊक. माझी बायको रोज शेकडो लोकांना टोपी घालते, हा तिच्या नवऱ्याचा आवडता विनोद होता. नवा माणूस भेटला की तो हमखास ऐकवायचा, आणि तीही दर वेळी नवीन असल्यासारखी मान हलवायची.

मग सॅम्पल रूममधला एक कारागीर निवृत्त झाला आणि त्याची जागा रिकामी झाली. सॅम्पल रूम ही कारखान्यातली वेगळीच दुनिया होती. बुटाचं नवं डिझाइन आलं की पहिला नमुना तिथं बनायचा आणि तो एकच माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत बनवायचा. तिथं काही वर्षं काढलेल्या माणसाला पुढे अख्खी लाइन सांभाळायला मिळे. जागा क्वचितच निघायची. सुपरवायझरनं सकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं की कुठल्याही खात्यातल्या ऑपरेटरनं नाव द्यावं. परीक्षा एकच, चामडं कापण्यापासून पॉलिशपर्यंत बुटांचा एक जोड स्वतःच्या हातानं करायचा, प्रत्येक मशीन स्वतः चालवायचं.

तिचा हात वर गेला तो तिला विचारून गेला नाही. सुपरवायझरनं विचारलं, कुठली कुठली मशीनं येतात? तिनं खरं ते सांगितलं, शिलाईचं. मागच्या रांगेत हशा पिकला. तिचे कान तापले, पण हात खाली आला नाही.

आता पंधरवड्यात बाकीचं सगळं शिकायचं होतं.

“हे बघ,” मामा म्हणाले, “तू त्याला गार गारच ओढलंस. आधी वाफेवर धर. कुत्र्याच्या पिल्लाचा कान असतो ना, तसं लोंबलं की समज, आता ऐकेल.”

तिनं दुसरं चामडं शेजारच्या वाफेच्या नळीच्या तोंडाशी धरलं. बोटांना चटका बसायला लागला तरी वाट पाहिली. कड खरोखरच कानासारखी वाकली तेव्हा ती झटकन कलबुतावर चढवून तिनं पेडल दाबलं. या वेळी सुरकुत्या होत्या, पण तळाशी, जिथं पुढे सोल बसून त्या झाकल्या जातात. वर टोक गोल, गुळगुळीत उतरलं होतं. तिनं अंगठा फिरवून पाहिला. पुन्हा फिरवला.

मामांनी तिसरं चामडं पुढे केलं.

त्या दिवसापासून तिला जेवायला सवड नव्हती आणि भूकही आठवत नव्हती. कटिंगच्या खात्यात तिनं पोलादी साचा चामड्यावर ठेवायला शिकून घेतलं. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय कापायचं प्रेस खाली यायचंच नाही, म्हणजे हात आत राहायची भीती नको; तरी पहिल्यांदा धाडकन आवाज झाला तशी ती दोन पावलं मागे उडाली. तिथल्या ऑपरेटर बाईनं तिला चामडं कसं वाचायचं ते दाखवलं. पाठीचा भाग घट्ट, पोटाचा भाग सैल. बुटाच्या तोंडाला पाठ लावायची, लेसखालच्या जिभेला पोट चालतं. इतकी वर्षं चामडं हाताखालून गेलं आणि त्याला पाठपोट असतं हे मला आज कळतंय, असं ती घरी येऊन सांगत सुटली. कडा पातळ करायच्या मशीनवर तिनं इतके तुकडे फुकट घालवले की तिथल्या माणसानं टोपलीच तिच्या पायाशी आणून ठेवली. रस्त्यानं जाताना ती आता माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहायची नाही. पायांकडे पाहायची. एकदा एका गृहस्थाच्या बुटाच्या टाचेवरची जोडणी बघत बघत ती इतकी मागे मागे गेली की त्यानं वळून विचारलं, काही पडलंय का तुमचं?

घरात या सगळ्याला एकच माणूस भुललं नव्हतं, ते म्हणजे सासूबाई.

सासूबाई त्याच कारखान्यातून निवृत्त झाल्या होत्या. सगळी नोकरी त्यांनी सोल चिकटवायच्या खात्यात काढली. त्यांचं नाव सांगितलं की जुनी माणसं अजून उठून उभी राहत. पण त्यांना स्वतःला कारखान्याचं कौतुक नव्हतं. सून ताटावर बसल्याबसल्या हातवारे करून चिमटे कसे चामडं ओढतात ते दाखवायला लागली की त्या पोळीचा तुकडा मोडत खाली मान घालून ऐकत. एकदा न राहवून त्या म्हणाल्या,

“अगं, बूट कारखाना करतो. माणूस नाही करत. मी इतके सोल लावले, पण मी बूट केला असं कधी माझ्या तोंडून निघालं नाही.”

“म्हणून तर करून बघायचाय, आई,” ती म्हणाली.

नवरा तेवढ्यात म्हणाला की हिनं अख्खा बूट केला तर नाव बदलावं लागेल, टोपीवरून बुटावर आलेली बाई म्हणजे घसरगुंडीच. छोटी लेक खो खो हसली आणि विषय तिथंच विरला.

खरी अडचण सोलची होती. सगळ्या खात्यांत कुणी ना कुणी शिकवायला तयार झालं, पण सोल खात्यातली जुनी माणसं गेली होती आणि नव्या मुलींना स्वतःलाच धड येत नव्हतं. तिथला माल रोज परत यायचा. टोपीवालीनं तिथं दोनदा सोल लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी पंजा वाकवला की कड तोंड उघडायची. परीक्षा तर तोंडावर आली होती. बाकी सगळं जमून बूट चालता चालता जबडा वासणार असेल तर काय उपयोग.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती मागच्या ओट्यावर सोल्यूशनचा डबा, ब्रश आणि नवऱ्याच्या जुन्या चपला घेऊन बसली. कारखान्यात त्या गोंदाला सगळे सोल्यूशनच म्हणत. तिनं चपलेचा तळ उचकटला, भरपूर सोल्यूशन फासलं, दोन भाग एकमेकांवर ठेवले आणि जीव खाऊन दाबले. दार उघडंच होतं. आतून सासूबाईंचा आवाज आला, वास कसला येतोय? मग त्या स्वतःच आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. तिनं दोन-तीनदा तसंच केलं. त्या बघत राहिल्या. चौथ्यांदा तिनं ब्रश बुडवला तेव्हा त्यांनी स्टूल ओढलं.

“लोणी लावतेयस का?” त्या म्हणाल्या. “आण इकडे.”

त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निपटून घेतला आणि एकाच दिशेनं, कडेपासून आत, पातळ हात फिरवला. आधी दोन्ही बाजू खरवडून घ्यायच्या, गुळगुळीत जागी काही धरत नाही. लावलं की लगेच जोडायचं नाही. ओलं ओल्याला चिकटलं की वरवरचं चिकटतं. थांबायचं. चकाकी जाईपर्यंत थांबायचं. मग बोटाची मागची बाजू टेकवून बघायची, पुढची नाही, पुढच्या बोटाला काही कळत नाही. बोट धरल्यासारखं वाटलं पाहिजे, पण सुटून आलं पाहिजे. मग ऊब द्यायची आणि एकदाच बसवायचं. एकदा टेकलं की सरकवायला मिळत नाही.

“आणि कळतं कसं, की आता झालं?” तिनं विचारलं.

“कळतं,” सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, “नाही, सांगता येईल. थांब.”

त्या विचार करायला लागल्या. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी चपलेला पुन्हा सोल्यूशन लावलं, स्वतःचं बोट टेकवलं, मग सुनेचा हात धरून तिचं बोट टेकवलं. आत्ता नाही, म्हणाल्या. जरा वेळानं पुन्हा. आत्ताही नाही. उन्हाची तिरीप ओट्यावरून भिंतीवर चढली. आत्ता, त्या म्हणाल्या, आणि टोपीवालीच्या बोटाला खरोखरच काहीतरी वेगळं लागलं, ओलं नाही आणि कोरडंही नाही. तिनं मान वर करून सासूबाईंकडे पाहिलं. दोघींच्या चेहऱ्यावर एकच भाव होता.

संध्याकाळपर्यंत घरातली एकही चप्पल धड राहिली नाही. शेजारच्या काकूंनी आपल्या सँडल आणून दिल्या. नवरा घरी आला तेव्हा त्याच्या पायातल्या चपलाही गेल्या आणि त्याला अनवाणीच पाणी आणायला जावं लागलं.

परीक्षेच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी कटिंग प्रेससमोर उभी होती. आणखी दोघांनी नाव दिलं होतं, त्यांचे जोड आदल्या दिवशीच होऊन गेले होते. सॅम्पल रूमचे मास्तर हात बांधून लांब उभे राहिले. कृश, कमी बोलणारा माणूस. त्यांनी कापड, चामडं, कलबुतांचा जोड समोर ठेवला आणि म्हणाले, करा सुरू.

तिनं चामड्यावर तळवा फिरवला. पाठ शोधली. साचा ठेवला, दोन्ही बटणं दाबली. या वेळी ती मागे उडाली नाही. तुकडे सुटे करून तिनं कडा तासल्या, टोपी कुठं बसवायची त्या खुणा मारल्या, आणि मग ओळखीच्या मशीनवर बसली तेव्हा तिला आपल्याच घरी आल्यासारखं वाटलं. टोपी, बाजू, जीभ, अस्तर. टाके भरभर पडत गेले. शिलाई खात्यातल्या बायकांनी हातातलं काम न थांबवता माना वळवून पाहिलं. एकीनं हळूच अंगठा दाखवला. हातातलं शिवलेलं चामडं तिनं उजवीकडे सरकवलं नाही. ते घेऊन ती उठली आणि भिंतीतल्या दारातून पलीकडे गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिची टोपी तिच्याबरोबर निघाली होती.

मामांच्या मशीनजवळ मामा नव्हते. त्यांना मुद्दामच दूर ठेवलं होतं. ते तिकडे खांबाआड उभे राहून फडक्यानं उगाच हात पुसत होते. तिनं वाफ धरली, कान वाकायची वाट पाहिली, पेडल दाबलं. एक. दुसरं. दोन्ही टोकं नितळ उतरली. खांबाआडचं फडकं खिशात गेलं.

सोलच्या वेळी ती थांबली. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं, सुपरवायझर चुळबुळला, एक मुलगी दुसरीच्या कानात काही बोलली. ती बोटाची मागची बाजू टेकवत राहिली. आत्ता नाही. आत्ताही नाही. मग ऊब, आणि एकदाच. प्रेसचा दाब सुटला तेव्हा सोल आणि चामडं यांच्यामध्ये कागद जाईल एवढीही फट नव्हती.

शेवटी कलबूत काढायचं होतं. हे तिनं स्वतः कधी केलंच नव्हतं; सुट्टीत शिकायचं राहून गेलं होतं. कलबुताची टाच खुंटीवर अडकवून तिनं बूट ओढला. तो हट्टानं बसून राहिला. तिनं पुन्हा ओढला आणि तो एकदम, सुस्कारा टाकल्यासारखा, मोकळा होऊन तिच्या हातात आला. हलका. पोकळ. आतापर्यंत ती एक वस्तू होती, आता त्यात जागा झाली होती. तिनं आत हात घातला. आत ऊब होती. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते, आणि दुसऱ्या बुटाचं कलबूत काढायचं बाकी होतं म्हणून तिनं दोन्हीही आवरलं.

पॉलिश केलेला जोड तिनं मास्तरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी एकेक बूट उचलला, पिळला, वाकवला, टाच टेबलावर आपटून डगमगतो का पाहिलं. मग उजवा बूट तिच्या हातात दिला, संरक्षक चष्मा दिला आणि कोपऱ्यातल्या करवतीच्या मशीनकडे बोट दाखवलं.

“मधोमध कापा.”

तिनं बूट छातीशी धरला.

“आत काय झालंय ते बाहेरून कसं दिसणार?” मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता. “इथं बनवलेला पहिला बूट आपणच कापतो, बाई. दुसऱ्याला कापू देत नाही.”

तिनं चष्मा लावला. करवत सुरू केली. टाचेपासून पुढे, हळूहळू, आपल्याच सकाळभरच्या कष्टांतून पातं नेत असल्यासारखी. बूट दोन भागांत टेबलावर पडला आणि तिनं पाहिलं. चामडं, अस्तर, आतला तळ, सोल, सगळे थर एकावर एक, जागच्या जागी, एखाद्या झाडाचं खोड कापल्यावर दिसतात तसे. ती वाकली. कापल्याचं दुःख कुठल्या कुठे गेलं. हे सगळं आपण केलं आणि हे आपल्याला एरवी कधी दिसलंच नसतं, असं काहीतरी ती पुटपुटली असावी, कारण मास्तर किंचित हसले.

त्यांनी अर्ध्या भागांवरून बोट फिरवलं. ओढणं चांगलं आहे, म्हणाले. सोल उत्तम आहे. मग डावा, न कापलेला बूट उचलून त्याचं तोंड तिच्याकडे वळवलं.

“टोपी वाकडी आहे.”

ती बघत राहिली. खरंच वाकडी होती. केसभर, पण होती. सगळ्या कारखान्यात टोपीवाली म्हणून ओळखली जाणारी बाई, आणि तिच्या पहिल्या बुटाची टोपी वाकडी. तिचे कान तापायला लागले.

“टाके सरळ आहेत,” मास्तर म्हणाले. “खूण तिरकी मारली गेली. आजवर खुणा दुसरं कुणी मारून देत होतं ना?”

तिनं मान हलवली. मग तिलाच हसू फुटलं, आणि मास्तरांनाही. ते म्हणाले, खुणा मारायला इथं शिकाल. सोमवारपासून या. एवढं बोलून ते वळले आणि पुन्हा थांबले. सोल कुणी शिकवला, त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी ते नाव ऐकून मान डोलावली, त्या अजून हिंडत्याफिरत्या आहेत का असं विचारलं, आणि मग जे म्हणाले ते तिनं तोंडातल्या तोंडात पाठ करत घर गाठलं.

घरी कापलेल्या बुटाचे दोन्ही भाग तिनं ताटाशेजारी मांडले. नवऱ्यानं ते कितीतरी वेळ उलटसुलट केले आणि एकही विनोद केला नाही. लेकीनं आत बोट घालून थर मोजले. सासूबाईंनी एक भाग उचलला, खिडकीशी नेला आणि सोलच्या रेघेवर नख लावून पाहिलं. कारखाना सुटल्यापासून त्यांनी हौसेनं नखं वाढवली होती. नात त्यांना रंग लावून द्यायची. एरवी सोल खात्यात ही हौस परवडत नसे, ओल्या सोल्यूशनला नखाचा ओरखडा लागला की तिथून सोल उघडतो. रेघेत नख शिरेना. मग त्यांनी अंगठ्यांनी जोर लावला. काही हललं नाही.

“बरा लागलाय,” त्या म्हणाल्या.

“मास्तर तुमचं विचारत होते,” टोपीवाली म्हणाली. सोल खात्यातल्या नव्या मुलींना शिकवायला कुणीतरी हवंय, आठवड्यातून दोन दिवस, बसून. येतील का ते विचारा, म्हणाले.

सासूबाईंनी बुटाचा भाग ताटाशेजारी परत ठेवला. आपले गुडघे, जिना, नव्या मुली ऐकत नाहीत, शिकवणं वेगळं आणि करणं वेगळं, असं बरंच त्या बोलल्या. शेवटी म्हणाल्या, बघू. कुणी आग्रह केला नाही. लेक अभ्यासाला बसली, नवरा ताटं उचलायला लागला, आणि टोपीवाली सोमवारी काय काय न्यायचं ते मोठ्यानं सांगत राहिली. तिला आज गप्प बसवत नव्हतं.

जरा वेळानं आतल्या खोलीतून कपाटाचे खण उघडल्याबंद केल्याचे आवाज आले. मग सासूबाई दारात आल्या. त्यांनी दोन्ही हात समोर पसरून धरले होते आणि नखांवरच्या लाल रंगाकडे पाहत होत्या.

“नेलकटर कुणी घेतलंय?” त्यांनी विचारलं.